देवीच्या लुगड्यांच्या पिशव्या

वासंतीला तंद्री लागते हे सासरच्यांना कळलं ते लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात. चुलीवर दूध ठेवून ती मागच्या दारातल्या शेवग्याकडं बघत उभी राहिली. दूध उतू गेलं, चूल विझली, शेजारचं मांजर येऊन पोट भरून गेलं, तरी हिला पत्ता नाही. सासूबाई, म्हणजे गुणाबाई, मागून आल्या आणि म्हणाल्या, "काय बघायलीस गं एवढं?" तर ही शांतपणे म्हणाली, "काय न्हाय आत्ती. शेंगा वाऱ्यानं हलाय लागल्यात." गुणाबाईंनी ही गोष्ट पुढं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगितली, आणि दर वेळी सांगताना दूध थोडं थोडं वाढत गेलं.

पण माणूस वाईट नव्हतं. काम करायची, देवाधर्माचं बघायची, उलटून बोलायची नाही. फक्त मधेच कुठंतरी निघून जायची, एवढंच. त्यांचं गाव सांबऱ्याच्या विमानतळापासून जरा आत, उसाच्या आणि भाताच्या शेतांमधे. विमान उतरायला लागलं की मांडणीवरची ताटं हलकी किणकिणतात, आणि कुणी मान वर करून बघत नाही. वासंती तेवढी अजून बघते. तिचा नवरा महादेव शहरात, उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथ चालवतो. ती घरी बसून कॅम्पातल्या एका दुकानासाठी ब्लाउज शिवायची, साड्यांना फॉल लावायची. मशीन खिडकीला लावून ठेवलेलं. पाय चालायचे, सुई चालायची, आणि वासंती कुठं असायची ते तिलाच माहीत.

तर एका थंडीच्या सकाळी ती शेताकडनं येत होती. धुकं एवढं, की पुढची बाभळ अर्धीच दिसत होती. आणि त्या बाभळीवर बगळे बसलेले. एक नाही, सगळं झाड पांढरं. काही बगळे पंख जरासे उघडायचे, परत मिटायचे. वासंती तिथंच थांबली. आता उठतील, मग उठतील, एकदम सगळे उठले की केवढं दिसेल, अशी वाट बघत ती उभी राहिली. धुकं हळूहळू वर गेलं. ऊन आलं. आणि बगळ्यांना कान फुटले. बाजारच्या पिशव्या होत्या त्या, पांढऱ्या, पातळ, काट्यांना अडकलेल्या. वाऱ्यानं फुगत होत्या आणि बसत होत्या.

घरी येऊन तिनं हे सांगितलं तर महादेव हसला. गुणाबाई म्हणाल्या, "डोळं तपासून घे जा." पण वासंतीला ते काही हसण्यावारी नेता येईना. एवढा वेळ आपण हात जोडल्यासारखे उभे राहिलो आणि समोर काय, तर कचरा. तिला कुणीतरी फसवल्यासारखं वाटत राहिलं.

तिचं माहेर निपाणीचं. आई विड्या वळायची. घरात पानं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली असायची, सगळ्या घराला त्या ओल्या पानांचा आणि तंबाखूचा वास. दुपारी आईच्या मांडीशी पडून वासंती बघायची, की पान कापलं, भरलं, वळलं, दोऱ्यानं बांधलं, झालं. मिठाई पुड्यातून यायची, फुलं पानातून यायची, रॉकेलची बाटली गळ्याला सुतळी बांधून न्यायची. कुठली गोष्ट कशात गुंडाळून येते हे तिला अजून आठवतं. मोठं झाल्यावर ते सगळं कुठं गेलं, हे तिनं कधी स्वतःला विचारलं नव्हतं. त्या बाभळीनं विचारलं.

आणि मग मशीनवर बसल्या बसल्या तिला एक दुकान दिसायला लागलं. रोज थोडं थोडं. आधी वास आला, रिठ्याचा आणि शिकेकाईचा. मग दाराला टांगलेल्या, अंग घासायच्या घोसाळ्याच्या वाळक्या जाळ्या दिसल्या, त्यातून ऊन चाळल्यासारखं खाली पडलेलं. मग काथ्याच्या घासण्या, पळसाच्या पत्रावळ्यांच्या चळती, दंतमंजनाच्या काचेच्या बरण्या. बरण्यांना पुसायला एक मऊ फडकं सुद्धा दिसलं. एवढं दिसल्यावर तिनं एक दिवस महादेवला सांगून टाकलं.

"दुकान? कुठं काढतीस?"

"सोप्यात."

महादेवनं आईकडं बघितलं. गुणाबाईंनी छताकडं बघितलं. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात गावची यात्रा होती. त्यांच्या गावात देवीची यात्रा दरसाल नसते. बऱ्याच वर्षांनी एकदा ठरते, आणि ठरली की लेकी-जावयांपासून दूरदूरच्या व्याह्यांपर्यंत सगळं गोत गावात येऊन पडतं. घराला रंग लागतो, माणसं दाटीवाटीनं झोपतात. सोपा, म्हणजे घराची पुढची पडवी, ही पाहुण्यांची झोपायची जागा.

"यात्रेपतोर कर म्हणं," गुणाबाई म्हणाल्या. "चाललं तर बघू. न्हाय चाललं तर यात्रेच्या आधी माझा सोपा मला मोकळा पायजे. आनि मग ह्या घरात दुकानाचं नाव काढायचं न्हाय. बस तुझ्या मशीनवर."

"व्हय आत्ती," वासंती म्हणाली. आणि 'निर्मळ' सुरू झालं. पाटी रंगवून आणली, वर कन्नड, खाली मराठी. घोसाळी घरच्या कुंपणावरची. रिठे आणि शिकेकाई नंदगडच्या बाजारातून पोत्यानं आणले. उद्घाटनाला तिनं देवापुढं साखर ठेवली आणि पहिली जाळी गुणाबाईंच्या हातात दिली.

"ही?" गुणाबाई म्हणाल्या. "ही आमी कुपनावरनं तोडून फेकून देत होतो."

गावानंही तेच म्हटलं. यायचे, बघायचे, वास घ्यायचे, हसायचे. यात्रा कमिटीचे मारुतीराव, पांढरेशुभ्र कपडे घालणारे, गावातलं वजनदार माणूस, ते एक दिवस येऊन बाकड्यावर बसले. कडुलिंबाच्या काड्यांची जुडी हातात घेऊन म्हणाले, "वासंती, हे झाड माझ्या दारात हाय. माझ्याच दारातली काडी मला इकतीस व्हय?"

"तुम्ही तोडत न्हाईसा की अण्णा," वासंती म्हणाली. "तोडून दिली की वापरतासा."

मारुतीराव हसले, पण काडी घेऊन गेले.

हळूहळू रिठा खपायला लागला, जाळ्या खपायला लागल्या. पण वासंतीच्या मनात त्या बाभळीवरच्या पिशव्या होत्या. तिला कापडी पिशव्या शिवायच्या होत्या, गावातल्या प्रत्येक हातात एक. अडचण कापडाची. नवं कापड महाग, आणि जुनी साडी गावात कोण देत नाही. जुन्या साड्यांची वाकळ होते. बायका साड्या साठवतात, मऊ झाल्या की एकावर एक अंथरून दोऱ्यानं टाके घालतात. थंडीला दुसरं काही पांघरत नाहीत तिथं. "साडी दिली तर वाकळ कशाची शिवू? तुझ्या पिशवीची?" असं शेजारची शालूबाई तोंडावरच म्हणाली.

आणि मग तिला देवीची लुगडी दिसली. दसऱ्यानंतर मंगळवारी ती देवळात ओटी भरायला गेली होती. गुरव भरमाआप्पा गाभाऱ्यामागची खोली झाडत होते. खोलीत लुगड्यांचा ढीग, ओटीत आलेली सगळी. हिरवी, चिंचपाणी, लाल, पिवळी. काही घडीसुद्धा मोडलेली नव्हती. कमिटी ती अधूनमधून काढून टाकते. खिडकीतून एक उन्हाची तिरीप त्या ढिगावर पडली होती आणि सगळे रंग आतून पेटल्यासारखे दिसत होते. कापूर, हळद, आणि नवं कापड, असा सगळा मिळून एक वास. वासंती उंबऱ्यात बसून राहिली. तिला वाटलं, देवीआईनंच दिलं. मागायच्या आधी दिलं.

मारुतीरावांना सांगून तिनं ती लुगडी आणली.

त्या पुढचे दिवस वासंतीच्या आयुष्यातले फार सुंदर दिवस होते. मशीनवर लुगड्यांचे डोंगर. हिरव्याला लाल काठ, पिवळ्याला जांभळा. शिवताना तिला दिसायचं, की देवी बाजाराला निघाली आहे. एक देवी नाही, घराघरातून एक एक. हिरव्या, लाल, पिवळ्या. कोथिंबीर घेतात, भाव करतात, पिशवी या हातातून त्या हातात घेतात, आणि बाजाराच्या रस्त्यानं परत जातात, पायाखालची धूळसुद्धा उडत नाही. तिच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि टाका वाकडा जायचा.

पिशव्या दारात टांगल्या आणि बघता बघता संपल्या. नुसत्या गावच्या नाही, शेजारच्या गावच्या बायकासुद्धा आल्या. "देवीच्या लुगड्याची हाय न्हवं?" असं विचारून, पिशवी कपाळाला लावून नेली. वासंती शिवत होती आणि पिशव्या जात होत्या. महादेवला खरं वाटेना. गुणाबाई सोप्यात येऊन बाकड्यावर बसायला लागल्या.

मारुतीराव पण आले. "बेस झालं," म्हणाले. "आता ऐक. यात्रेत दुकानं येणार, पाळणं येणार, सगळा प्लॅस्टिकचा उकिरडा होणार. मागच्या यात्रेनंतर महिनाभर आम्ही येचत होतो. मला वाटतंय यंदा गावात प्लॅस्टिक आणायचंच न्हाय. पिशव्या सगळ्या 'निर्मळ'मधनं. पण पंच लोक म्हणत्यात, बायका वापरतील काय? तवा असं करूया. आपल्या रविवारच्या बाजारात मला बायकांच्या हातात तुझ्या पिशव्या दिसू देत. दिसल्या, की मी कमिटीत उभा राहून सांगतो."

म्हणजे दुकान राहतं. म्हणजे सोपा राहतो. वासंतीनं देवीला साखरेचा नैवेद्य दाखवला आणि रविवारची वाट बघत बसली.

रविवारी ती मुद्दाम उशिरा गेली, बाजार चांगला भरल्यावर. लांबूनच बघायचं ठरवलं होतं. चिंचेखाली उभी राहिली. माणसं येत होती, जात होती. भाजीवाल्यांचा ओरडा, फोडणीचा वास, गोव्याकडनं आलेल्या मासेवाल्यापुढं गर्दी. आणि बायकांच्या हातात पांढऱ्या पिशव्या. काळ्या पिशव्या. गुलाबी, पातळ, करकर वाजणाऱ्या पिशव्या. तिनं एकेकीचे हात बघितले. शालूबाईनं तिच्यासमोर मेथी, वांगी आणि बांगडे वेगवेगळ्या तीन प्लॅस्टिकांत घेतले आणि वर म्हणाली, "आलीस व्हय गं बाजाराला?"

"शालूआक्का, पिशवी कुठं हाय?"

"कुठली?"

"तू नेलीस की. हिरवी. लाल काठाची."

"ती? ती घरात हाय. का?"

वासंती तिच्या मागोमाग घरी गेली. शालूबाईनं देवघराचं दार ढकललं. देवाच्या फोटोशेजारी खुंटीला पिशवी टांगलेली, हळदकुंकू लावलेली, वर झेंडूचं फूल.

"आक्का, हे काय केलंयस?"

"मग काय करू? देवीचं लुगडं हाय ते!" शालूबाईनं डोळे मोठे केले. "त्यात बांगडं घालू म्हणतीस? शिवशिव! तुला काय भ्याव हाय का न्हाय?"

वासंती पुढच्या घरी गेली. तिथं पिशवीत पोथी. त्याच्या पुढच्या घरी पिशवी बाळाच्या पाळण्याच्या दोरीला, दृष्ट लागू नये म्हणून. कोपऱ्यावरच्या म्हातारीनं तर पिशवीची ओटी भरली होती, आतमधे नारळ आणि तांदूळ. ती वासंतीचेच पाय धरायला वाकली. "तुझ्या हातनं आली गं बाई घरात." वासंती मागं सरली, भिंतीला टेकली.

घरी आली. पाणी प्यायला म्हणून आत गेली आणि तिची नजर आपल्याच देव्हाऱ्याकडं गेली. तिथं खुंटीला होती की. तिनं शिवलेली सगळ्यात पहिली पिशवी, चिंचपाणी रंगाची. "पहिली देवाला," म्हणून तिनंच टांगली होती, आणि तिथंच राहिली होती. ओट्यावर त्या दिवशी महादेवनं सकाळी आणलेले कांदे पडले होते, गाठ मारलेल्या प्लॅस्टिकमधे.

ती बराच वेळ तिथं बसून राहिली. या वेळी ती कुठं गेली नव्हती. तिथंच होती.

पुढच्या रविवारी तिनं धीर केला. आपणच सुरुवात करायची, एकीनं केलं की बाकीच्या करतात. चिंचपाणी पिशवी खुंटीवरनं काढली, हात जोडले, आणि सरळ मासेवाल्यापुढं जाऊन उभी राहिली. बांगडे घेतले. मासेवाल्यानं मूठ पुढं केली. "वैनी, पिशवी उघडा की."

वासंतीच्या हातात पिशवी होती. आतला अस्तराचा टाका तिला दिसत होता. हात उघडेनात.

"वैनी, मागं लोक थांबल्यात."

"कागदात द्या," ती म्हणाली.

कागदात घेतले. घर येईपर्यंत कागद भिजून फाटला, निम्मे बांगडे वाटेत पडले, आणि गावातली कुत्री तिच्यामागं वरातीसारखी चालत घरापर्यंत आली. हे शालूबाईनं बघितलं. म्हणजे संध्याकाळपर्यंत गावानं बघितलं.

गुणाबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "असं मनानं करून भागत न्हाय गं. तिचं हाय, तिला इचार. कौल लाव."

शुक्रवारी सकाळी वासंती न्हाऊन, ओल्या केसांनी देवळात गेली. देऊळ धुतलेलं होतं. भरमाआप्पांनी देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यानं फुलांच्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. एवढंच. "बोल बाई," ते म्हणाले. वासंतीनं मनात विचारलं, 'आई, तुझी लुगडी बाजाराला नेऊ का? भाजीला, मासळीला, चिखलात. तू म्हणालीस तर मी सगळ्यांना सांगतो. मला भ्या वाटणार न्हाय.'

मग नुसतं बसायचं. समई जळत होती. गाभाऱ्यात दगडाचा गारवा. बाहेर कबुतरं चालत होती, त्यांच्या नखांचा आवाज येत होता. देवीच्या डोळ्यांत समईची ज्योत कधी मोठी व्हायची, कधी बारीक. वासंतीला वाटलं, आपण निपाणीला आईच्या मांडीशी पडलोय, पानं ओली आहेत, कुठलीच घाई नाही. दुकान आहे आणि नाही. सोपा आहे आणि नाही. तिला आत कुठंतरी फार बरं वाटत होतं, इतकं की उत्तर आलं नाही तरी चाललं असतं.

डावी कळी पडली.

भरमाआप्पांनी ती उचलली आणि हळूच म्हणाले, "न्हाय म्हणतीया बाई."

"व्हय," वासंती म्हणाली.

तिनं परत विचारलं नाही. काहीजण परत विचारतात, फिरवून विचारतात, दुसऱ्या दिवशी येतात. तिला ते जमलं नाही. आईला एकदा विचारलं, आईनं एकदा सांगितलं. पण येताना उसाच्या बांधावर ती खाली बसली आणि पदर तोंडात धरून रडली. वरून विमान गेलं, त्या आवाजात तिला मोकळेपणानं रडता आलं.

मारुतीरावांना तिनं सांगून टाकलं. "मग पिशव्यांचं घाऊक दुकानदाराला सांगतो," म्हणाले. "आता येळ न्हाय." महादेवनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे. तुझी जाळी लई बेस हाय. माझ्या अंगाचं काळं तेल तिनंच निघतंय." त्यानं ते मनापासून म्हटलं होतं. वासंतीनं दाराला टांगलेल्या जाळ्या उतरवायला सुरुवात केली.

यात्रा जवळ आली तशी गुणाबाईंनी वाकळी शिवायला काढल्या. पाहुण्यांना पांघरुणं पुरणार नाहीत. दुपारी सोप्यात शालूबाई, कोपऱ्यावरची म्हातारी, आणखी दोघीतिघी जमल्या. जुनी लुगडी एकावर एक अंथरली आणि चारी बाजूंनी बायका बसल्या. वासंतीला पण सुई दिली. बोलणं चालू होतं, कुणाची सून, कुणाचा जावई. उन्हाची तिरीप वाकळीवरून सरकत होती.

गुणाबाई एकेक लुगडं घ्यायच्या, दाताखाली काठ धरायच्या, आणि टर्र करून लांब फाडून बाजूला टाकायच्या. मऊ लुगडं वाकळीत, काठ खाली. त्यांच्या मांडीशेजारी काठांचा ढीग झाला होता. इरकलीचे लाल काठ, जाड, जरा राठ, साडी विरली तरी काठ जसेच्या तसे.

"आत्ती, काठ का काढतासा?"

"टोचत्यात अंगाला. काठ घातलेली वाकळ कोन पांघरंल?"

"मग काय करतासा ह्यांचं?"

"काय करायचं? बंब पेटवायचा."

वासंतीनं एक काठ हातात घेतला. ओढून बघितला. तुटेना. दुसरा घेतला, पहिल्याशेजारी ठेवला. तिसरा. सुई तिच्या हातात होतीच. बायका बोलत राहिल्या, ती शिवत राहिली. मग उठून मशीनवर बसली. वाकळीचं बोलणं मागं पडलं, मशीनचा आवाज आला, आणि उन्हाची तिरीप भिंतीवर चढायच्या आत तिनं येऊन एक पिशवी वाकळीच्या मधोमध ठेवली. पट्ट्यापट्ट्यांची, लाल, काळी, लाल, जांभळी. जाड. आत वीट घातली तरी चाललं असतं.

सगळ्या पुढं वाकल्या. मग शालूबाईनं एका पट्टीवर बोट ठेवलं.

"हा माझ्या इरकलीचा काठ हाय! तुमच्याकडं राहिलेला, आत्तीबाई, मी तुम्हाला लुगडं दिलतो वाकळीला!"

"तुझाच," वासंती म्हणाली. "आता घाल बांगडं."

"माझ्या नेसत्या लुगड्यात?"

"तुझं लुगडं काय देवी हाय व्हय?" कोपऱ्यावरची म्हातारी म्हणाली, आणि सगळ्या जणी एकदम अशा हसल्या, की वाकळीतल्या सुया कुठं कुठं हरवल्या ते मग शोधत बसाव्या लागल्या.

त्यानंतर काठ यायला लागले. बंबाच्या शेजारून, खाटेखालून, वाकळीच्या गाठोड्यातून. "माझ्या आईचा काठ हाय, पिशवीत वर घाल, दिसू दे." "माझ्या लग्नाचा हाय, मधोमध घाल." "ह्या काठाशेजारी जावेचा काठ लावू नकोस, सांगून ठेवतो." देवीच्या पिशव्या होत्या तिथंच राहिल्या, खुंटीला, पाळण्याला, पोथीवर. वासंतीनं त्यांची चौकशी परत केली नाही.

आणि मग यात्रेच्या आधीचा रविवार. बाजार नेहमीपेक्षा मोठा, कारण सगळ्यांना पाहुण्यांचं सामान घ्यायचं होतं. कोवळं ऊन. वासंती चिंचेखाली उभी होती. पुढं बाजारातून पट्टे हलत होते. लाल, जांभळे, काळे, मोरपंखी. या हातातून त्या हातात. मेथीच्या पानांवरून पाणी गळत होतं. कुणी पिशवी डोक्यावर घेतली होती, कुणी दोघींत एक धरून चालली होती. तिला काही वेळ माणसं दिसलीच नाहीत, नुसते काठ दिसले, बायकांच्या आयुष्यातले सगळे काठ, सणाचे, लग्नाचे, बारशाचे, सगळे एकाच रस्त्यानं बाजारातून हळू वाहत चाललेले.

मारुतीराव पांढऱ्या कपड्यांत मधोमध उभे होते. घाऊक दुकानदाराला अजून त्यांनी फोन केला नव्हता, हे नंतर कळलं. ते बघत होते. तेवढ्यात मासेवाल्याच्या गर्दीतून गुणाबाई बाहेर आल्या, हातात स्वतःच्या लग्नातल्या लुगड्याचा काठ लावलेली पिशवी, काठोकाठ भरलेली. ती जड झाली म्हणून की आणखी कशासाठी, त्यांनी ती सरळ मारुतीरावांच्या हातात दिली.

"धर रं जरा."

"काय हाय मावशी ह्यात?"

"बांगडं."

मारुतीरावांनी पिशवी अंगापासून लांब धरली. खालून एक थेंब त्यांच्या पायजम्यावर पडला. सगळा बाजार बघत होता. मारुतीरावांनी थेंबाकडं बघितलं, पिशवीकडं बघितलं, चिंचेखालच्या वासंतीकडं बघितलं.

"एवढ्या पिशव्या यात्रेला पुरवशील काय गं?" ते तिथूनच ओरडले.

वासंती बोटांवर पिशव्या मोजायला लागली. गुणाबाईंनी पदर खोचला.

"पुरवती की," त्या म्हणाल्या. "आनि पाहुणे गच्चीवर झोपतील. उन्हाळ्याचं दिस हाईत. सोप्यात दुकान हाय."

मग पिशवी परत घेऊन त्या वासंतीकडं आल्या, पिशवीचा एक बंद तिच्या हातात दिला, दुसरा आपल्याकडं ठेवला, आणि दोघी बांगडे घेऊन घराकडं चालायला लागल्या.